राक्षसांची मुद्रणप्रत

मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागतं त्या दिवसांत, सर डोक्यावर उघडी छत्री घेऊन ऑफिसात यायचे. छत्री उन्हासाठी असती तर कुणी काही बोललं नसतं. पण आत सावलीत आल्यावर ते ती झटकायचे, पाणी झटकावं तशी. गेटवरचा चौकीदार रोज म्हणायचा, "महाराजजी, आज तो धूप है!" आणि सर रोज सांगायचे, "यहाँ है."

पाऊस त्यांच्या कादंबऱ्यांतल्या राज्यात पडत असायचा. त्या राज्याच्या हवामानाची एक वही होती आणि सकाळी दाढीच्या आधी तिच्यात नोंद व्हायची. तिकडे थंडी पडली की इकडे जूनमध्ये मफलर. एकदा तिकडे महापूर आला तेव्हा त्यांनी दोन दिवस रजा टाकली आणि अर्जात कारण लिहिलं, 'पूरपरिस्थिती'. रजा मंजूर झाली. अर्ज वाचतो कोण?

दिल्लीच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्याबद्दल 'चार जिव्हाळ्याचे शब्द' लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं आहे. विशेषतः त्यांच्या शब्दसंपत्तीविषयी. "तुम्ही त्यांच्या मुद्रणप्रती केल्यात, तुमच्याइतकं कोण जाणतं?" हे मात्र खरं. माझ्याइतकं कुणीच जाणत नाही. पण ते चार शब्दांत मावणार नाही आणि सगळंच जिव्हाळ्याचं असेल असंही नाही. छापायचं तर छापा.

सर आमच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. साडेपाचपर्यंत पाण्याच्या पंपांच्या फायली, आणि घरी गेल्यावर अद्भुत कादंबऱ्या. उडणारे घोडे, जागा बदलणारे डोंगर, मेल्यावरही रोज दरबार भरवणारा राजा. पुण्याचा एक प्रकाशक छापायचा, वाचनालयं घ्यायची, आणि कुठून कुठून पोस्टकार्डं यायची: पुढचा भाग कधी?

मी दिल्लीला आले ती परीक्षा देऊन, कारकून म्हणून. मांजरा नदीकाठचं गाव, तालुक्याचं कॉलेज, बी.ए. माझ्या आधी आमच्या घरात कुणाची सही नव्हती, अंगठे होते. हे मी मिरवते. ज्यांच्या घरात चार पिढ्या वकील-मास्तर झाले त्यांनी मिरवू नये, मी मिरवणार. पहिल्या दिवशी सरांनी माझा जॉइनिंगचा अर्ज बघितला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं,

"अक्षर तुझंच?"

"हो सर."

"आणि पदवी?"

"तीही माझीच."

मोठ्यांदा हसले. "वा! या ग्रॅज्युएट, बसा."

तेव्हापासून मी ग्रॅज्युएट. ही हाक कौतुकाची की टोमण्याची, हे मला ती ऐकली तेवढी वर्षं ठरवता आलं नाही.

त्यांनी माझ्यासाठी केलं तेही लिहिते, नाहीतर कृतघ्न म्हणाल. सरोजिनी नगरात त्यांच्या क्वार्टरपासून दोन ब्लॉक सोडून एका मराठी कुटुंबात मला खोली बघून दिली. फायलींवरचं नोटिंग शिकवलं. बढतीच्या परीक्षेला मी घाबरत होते तर फॉर्म स्वतः भरला आणि माझ्यासमोर नुसतं सहीसाठी सरकवला. एका साहेबाने माझ्या इंग्रजीवर सगळ्यांदेखत शेरा मारला तेव्हा सर उभे राहिले. "साहब, इसका मराठी अक्षर देखिए. आपकी अंग्रेज़ी शरमा जाएगी." या वाक्याला तसा काही अर्थ नव्हता. पण ते माझ्या बाजूने उभे राहिले होते, आणि त्याआधी कुणी राहिलं नव्हतं.

म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. प्रकाशकाने कळवलं होतं की कंपॉझिटर हस्तलिखित वाचत नाहीत, शिव्या देतात. मग रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचे आणि मुद्रणप्रत, म्हणजे छापखान्यासाठी सुवाच्य नक्कल, करायचे. एकाच बाजूला लिहिलेले ताव, डावीकडे चार बोटं समास. काकू दार उघडायच्या. त्या सरांच्या पत्नी, आणि त्या घरात जमिनीवर पाय असलेलं एकमेव माणूस.

"ये गं. तिकडे आज राज्याभिषेक आहे म्हणे. इकडे उप्पीट आहे."

सर दुसऱ्याच्या कादंबऱ्या वाचत नसत. म्हणायचे, "लोकांच्या स्वप्नात जाऊन मी काय करू? माझंच आवरत नाही." वाचायचे ते रेल्वेचं वेळापत्रक, जुनी जिल्हा गॅझेटियरं, बियाण्यांचे कॅटलॉग आणि शब्दकोश. शब्दकोश अगदी कादंबरीसारखा, पहिल्या पानापासून. एका सोमवारी तोंड पाडून आले.

"काय झालं सर?"

"काल 'ठ' संपला."

"मग?"

"काही नाही यार. शेवट जमला नाही."

छंद एकच. कबाडी बाजारातून कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणायचे. प्रत्येक किल्ली त्यांच्या राज्यातल्या कुठल्यातरी दाराची असायची आणि तसं लेबल तिला बांधलेलं असायचं. भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या त्या शेदोनशे किल्ल्यांकडे बघत काकू म्हणायच्या, "अहो, यात आपल्या ट्रंकेची तेवढी नाही."

पण खरी गंमत त्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीत होती. त्यांच्या राज्यातल्या प्रत्येक माणसाची फाईल असायची. जन्मतारीख, नेमणूक, रजा, शिक्षा, सगळं. कुणाला मारायचं असलं की सर त्याच्या फायलीवर प्रस्ताव लिहायचे: 'सेनापती आता कथेस भार झाला आहे. त्यास खिंडीत मारावे.' मग फाईल माझ्यापुढे यायची. मी कारकून, मी मागचे दाखले बघून लिहायचं: 'सेनापतीने तिसऱ्या भागात राणीस वचन दिले आहे, त्याचे काय?' मग फाईल स्वयंपाकघरात. काकूंनी पिठाच्या हाताने 'हरकत नाही' लिहिलं की सेनापती मेला. एका म्हाताऱ्या माहुताला मात्र काकूंनी सात वेळा वाचवलं. "त्याला मारलंत तर चहा बंद." तो माहूत शेवटच्या भागापर्यंत जिवंत आहे. वाचकांना वाटतं त्यामागे काहीतरी गूढ आहे.

हे सगळं मला आवडायचं. हेही लिहून ठेवते. आठवडाभर ऑफिसात मी कारकून होते आणि रविवारी एका राज्याच्या जन्ममरणात माझं मत विचारलं जात होतं.

जानेवारीत मंडळाची बस पानिपतला जायची, काला अंबला, मराठ्यांच्या स्मारकाशी. लोक फुलं वाहायचे, कुणीतरी गहिवरून बोलायचं, मग पुरी-भाजीचे डबे उघडायचे. सर तेवढ्या वेळात मैदानावर पावलं मोजत फिरायचे. त्यांचे हत्ती त्या जागेत मावतात का ते बघायला. एका वर्षी मोजता मोजता ते माझ्यापाशी थांबले.

"ग्रॅज्युएट, तुमच्याकडे मेलेल्या माणसाजवळ बायका काय बोलून रडतात?"

"आपल्यात रडतात तसंच की सर."

"आपल्यात नाही. तुमच्यात. तुझी आजी कशी रडायची ते सांग."

मी पुरी-भाजीच्या डब्याचं झाकण काढायला लागले. त्याचं कारण होतं. कॉलेजात गेल्यापासून मी माझं बोलणं इस्त्री करून घडी घालून ठेवलं होतं. एकदा मंडळाच्या हळदीकुंकवात मी चुकून विस्तवाला 'इस्तू' म्हणाले होते. तिथल्या दिल्लीत वाढलेल्या पोरींना विस्तव हाही शब्द माहीत नव्हता, पण हसायचं कशाला ते बरोबर कळलं. त्या दिवसापासून मी दिल्लीच्या घरांत जास्तच शुद्ध बोलत होते. माझ्या आईला गावात मी माय म्हणायचे. दिल्लीत चारचौघांत तिची आई झाली होती.

आणि आता एवढा मोठा लेखक ते घडी केलेलं उघडून दाखव म्हणत होता. मी उघडलं. परतीच्या बसमध्ये सोनीपत येईपर्यंत त्यांची वही भरत आली. कडूसं म्हणजे तिन्हीसांज, येरवाळी म्हणजे भल्या सकाळी, जित्राब म्हणजे गुरंढोरं. 'कासराभर दिवस वर आला' म्हटल्यावर तर ते जागेवरून उठलेच. "सूर्य आणि जमीन यांच्यात बैलाचा कासरा! अगं, कोशात हे असं कुठे भेटतं?" पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, माझा सत्कार चाललाय.

महिनाभराने मुद्रणप्रतीसाठी नवीन प्रकरण पुढ्यात आलं. राज्याच्या खाली भुयारं होती, भुयारांत राक्षस होते. केसाळ, अर्धे आंधळे, माणसं खाणारे. राजा शुद्ध मराठी बोलत होता, घोडे शुद्ध मराठी बोलत होते, आणि राक्षस आमच्या गावचं बोलत होते.

माझं पेन थांबलं. थांबलं, एवढंच. पुढे मी काय केलं ते लिहायचं म्हणूनच हा लेख लिहायला बसले. मी चुका दुरुस्त केल्या.

"सर, 'काय करतुयास' हे साताऱ्याकडचं झालं. आमच्याकडे 'काय करलालास' म्हणतात."

"अच्छा! बिल्कुल. बदल, सगळीकडे बदल. राक्षस एका जिल्ह्याचे पाहिजेत."

आणि मी बदललं. पानंच्या पानं. त्या घरात, त्या शहरात, मला कुणी कशातलं जाणकार म्हणून पहिल्यांदा विचारत होतं. मी इतकी खूश होते की कशातली जाणकार, हे बघायचं राहून गेलं. किंवा राहून गेलं नाही. बघितलं आणि पान उलटलं.

त्याच वर्षी माय मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दिल्लीला आली. एका डोळ्याला हिरवी पट्टी, नऊवारी, आणि अनोळखी माणसाशीही शेजारच्या घरातल्यासारखं बोलणं. सर तिला बघून हरखले. रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्या खोलीवर यायचे, काकू सोबत. माय खाटेवर, सर खाली सतरंजीवर. एवढा मोठा सायब आपल्या पायाशी बसून आपलं बोलणं लिहून घेतो याचं तिला काय वाटत असेल ते तिच्या पाठीच्या कण्यावरून दिसायचं; ताठ बसायची.

एकदा सरांनी विचारलं, "आजी, रात्री चूल विझवताना काही म्हणायचात का?"

"इजवायची न्हाई सायब, झाकायची. इजवली तर सकाळी कुनाच्या दारात जावं इस्तू मागाया?"

"मग झाकताना?"

माय जरा लाजली. मग डोळा मिटून, हातांनी नसलेली राख ओढत ती बोलली. मी लहानपणी रोज अंथरुणातून ऐकलेलं:

"नीज राजा, नीज. राखंचं पांघरून घे. कुनाच्या कडब्याला जाऊ नको, कुनाच्या छपराला बघू नको. येरवाळी मीच येते तुला उठवाया. लेकरू भुकेजलं तर तेवढा जागा ऱ्हा."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सर खाली मान घालून लिहीत होते. "कडब्याला की कडब्यात?" एवढंच त्यांनी विचारलं.

कादंबरीत हे आलं ते असं: राक्षसीण गुराख्याचं पोर खाते, हाडं कोपऱ्यात सारते आणि मग चुलीतला विस्तव झाकताना हे म्हणते. शब्दन् शब्द. सरांनी दोन ठिकाणी चूक केली होती. मी दोन्ही दुरुस्त केल्या आणि ताव पुण्याला गेले.

पुढच्या वर्षी माय दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा आली. पुस्तक तेव्हा नुकतंच छापून आलं होतं, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात सरांचं वाचन ठेवलं होतं. काकूंनी मायला पुढच्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं. काळा चष्मा लावून ती बसली. मी मागे उभी होते. मी काहीतरी करू शकले असते. माय थकलीय म्हणून तिला खोलीवर नेता आलं असतं. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की सर माझं नाव घेतील का.

सर वाचायचे फार छान. राजाचा आवाज वेगळा, घोड्याचा वेगळा. राक्षसांचं आलं तेव्हा त्यांनी गळा जाड केला आणि हेल काढला. मायचाच हेल, पण फुगवलेला. पहिल्याच वाक्याला हॉल हशाने फुटला. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. राक्षसिणीचा प्रवेश आला. 'नीज राजा, नीज.' मागून कुणीतरी शिट्टी मारली.

माय दुसऱ्या बाजूच्या बाईला मोठ्याने म्हणाली, "माझंच हाय ते! म्याच सांगितलं सायबाला!"

"अय्या, खरंच? हाऊ स्वीट!" बाई म्हणाली, आणि ती रांगच्या रांग वाकून मायकडे बघून हसायला लागली.

शेवटी सरांनी आभार मानले. "माझ्या राक्षसांची भाषा या ग्रॅज्युएटने तपासली आहे. एक अक्षर चुकीचं सापडलं तर मला नाही, तिला पकडा." सगळ्यांनी वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. हसले सुद्धा.

परतताना ऑटोत, सफदरजंगच्या पुलावर, माय म्हणाली, "लोकं काहून हसलाले व्हते गं?"

"आवडलं त्यांना, आई."

"ते हसायचं नव्हतं. इस्तू झाकताना कोन हसतं?"

"त्यांना कळलं नाही ते."

"त्यायला न्हाई कळलं." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "तुला कळलं व्हतं की. तू तपासलीस म्हनं."

एवढंच. खोलीवर गेल्यावर तिने मलाच जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलापाशी उभी राहिले. दुसरी आवृत्ती निघणार होती, हे मला माहीत होतं.

"सर, राक्षसिणीचं ते बोलणं काढा."

"काढा? अगं, लोक त्यावरच फिदा आहेत."

"ते माझ्या आईचं आहे."

"म्हणून तर जिवंत आहे."

"मग राजकन्येला द्या. तीही रात्री शेकोटी झाकतेच की, पाचव्या प्रकरणात. तिच्या तोंडी घाला."

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिरस्कार नव्हता, आणि तेच मला आजपर्यंत पचलेलं नाही. ते खरोखर गोंधळले होते.

"राजकन्या?" ते म्हणाले. "अशी बोलेल? वाचकाचा विश्वास कसा बसेल?"

ज्या माणसाच्या राज्यात मेलेला राजा सह्या करत होता, डोंगर उठून दुसरीकडे जाऊन बसत होते, आणि ज्याने त्या राज्यातल्या पावसासाठी दिल्लीच्या उन्हाळ्यात छत्री झटकली, त्याला एवढं कल्पिता येत नव्हतं. मी हे त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "भावनेच्या भरात नको. रीतसर टाक."

मी रीतसर टाकलं. राक्षसिणीच्या फायलीवर दोन पानी टिपण लिहिलं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. रविवारी फाईल काकूंकडे गेली. काकूंनी 'हरकत नाही'ऐवजी लिहिलं, 'पोरीचं बरोबर आहे. मला त्या दिवशी हॉलमध्ये लाज वाटली.' सरांनी खाली शेरा मारला: 'पाहिले. मजकूर आहे तसा ठेवावा.' खाली सही आणि तारीख.

मी पेन बंद करून ठेवलं आणि निघाले. काकू जिन्यापर्यंत आल्या. "परत ये गं," म्हणाल्या. मी गेले नाही. ऑफिसात कामापुरतं बोलत राहिलो. ते मला ग्रॅज्युएट म्हणायचे आणि मी हो सर म्हणायचे.

पुढच्या भागात त्यांनी राक्षसांच्या जिभा कापून टाकल्या. राजाच्या हुकमाने. समीक्षकांना त्यात मोठा अर्थ सापडला. अर्थ एवढाच होता की सरांकडचा शब्दांचा साठा संपला होता आणि नवीन द्यायला कुणी उरलं नव्हतं. मला त्याचा आनंद झाला. चांगला दोन दिवस टिकला.

रिटायर झाल्यावर ते नोएडाच्या फ्लॅटमध्ये गेले, तिथेच वारले. मी स्मशानात गेले होते. काकूंनी माझा हात धरून ठेवला.

आता शब्दसंपत्तीविषयी, कारण तेच मागितलं आहे.

मायला शेवटच्या दोन वर्षांत मी दिल्लीला आणलं. तोवर गावातही घरोघरी गॅस आला होता. तिने चूल पेटवून कितीतरी वर्षं झाली होती, आणि तिचं आठवणं विरत चाललं होतं. माझं नाव कधी यायचं, कधी नाही. एका संध्याकाळी ती खाटेवर बसून हातांनी चादर पुढे ओढत होती, पुन्हा पुन्हा.

"काय गं ते," ती म्हणाली. "नीज राजा. राखंचं पांघरून... म्होरं काय?"

मी तोंड उघडलं. राखंचं पांघरून घे. आणि पुढे? लहानपणी रोज ऐकलेलं, स्वतःच्या हाताने उतरवलेलं, मला येत नव्हतं. इतकी वर्षं मी ते कुणापुढेही तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, लहान मूल बघतं तशी.

मी उठले, कपाटाच्या वरच्या खणातून पुस्तक काढलं. पान शोधावं लागलं नाही. वरचा, हाडांचा परिच्छेद सोडला आणि मायजवळ बसून वाचलं, हळू, तिच्या हेलात. कुनाच्या कडब्याला जाऊ नको, कुनाच्या छपराला बघू नको. एक अक्षर चुकीचं नव्हतं. मीच तपासलेलं होतं.

मायचे हात थांबले. शेवटपर्यंत तिने ऐकलं. मग विचारलं,

"कोन बोललाली गं ही?"

"आहे एक बाई."

माय समाधानाने मान हलवत राहिली.

"लेकराबाळाची दिसती," ती म्हणाली.